राणीचा मुराळी

एकदा काय झालं, एका राजाच्या राणीला माहेरच नव्हतं. नाव तिचं सुवार्ता. तान्ही असताना कुणीतरी तिला चर्चच्या पायरीवर ठेवून गेलं होतं. मोठी झाली, राजाला आवडली, लग्न झालं. मग काय, सगळं होतं बरं का. पैठण्या, झोपाळा, मागेल ते खायला. पण नाताळ जवळ आला की मुराळी यायचे. मुराळी ठाऊक आहे ना? लेकीला माहेरी न्यायला येतो तो. कधी भाऊ, कधी बाप. जावांना न्यायला यायचे, दासींना यायचे. राजवाडा रिकामा व्हायचा आणि राणी एकटीच खिडकीत बसायची. फार वाईट वाटायचं तिला.

राजा म्हणाला, "एवढंच ना?" त्यानं नदीपलीकडे छान घर बांधलं, नाव दिलं माहेर. राणी चार दिवस राहिली नि परत आली. रिकाम्या घरात कोण राहणार? मग राजानं तिथं आईबाप नेमले. खोटे हो! प्रधानाचा म्हातारा काका आणि त्याची बायको. राणी दारात गेली, तर बाप उठून मुजरा करतो! "यावं राणीसरकार." असा असतो का बाप? राणी आल्या पावली परतली. मग राजा स्वतःच मुराळी झाला. फेटा बांधला, बैलगाडी जुंपली, राणीला बसवलं. गावाला तीन फेऱ्या मारल्या आणि थांबला कुठं, तर राजवाड्याच्याच दाराशी! राणी आधी हसली, मग रडली.

मुदपाकखान्यात मार्था नावाची म्हातारी होती. तिलाही न्यायला कुणी उरलं नव्हतं. ती म्हणाली, "राणीसाहेब, आपलं माहेर देवबापाच्या घरी. येशू तिथं आपली खोली झाडायला गेलाय. झाली की तोच येणार मुराळी होऊन."

"कधी?"

"ते नाही सांगितलं बाई त्यानं."

मग राणी वाट बघू लागली. एकटेपण काही गेलं नाही, खोटं कशाला सांगू? जेवताना कान दाराकडे, झोपाळ्यावर बसली तरी कान दाराकडे. केस पांढरे झाले. मग अंथरूण धरलं. एके सकाळी ती आपली आपण उठून बसली. "आला हो," म्हणाली. राजाला कुणीच दिसेना. पण तिचा चेहरा बघून त्याला कळलं, आता ही राहत नाही.

बिचारा राजा. माहेरी निघालेल्या बायकोला नवरे विचारतात ना, तसंच त्यानं विचारलं, "किती दिवसांनी न्यायला येऊ?"

राणी म्हणाली, "न्यायला नका येऊ. राहायलाच या."

आणि गेली. राजा पुष्कळ वर्षं एकटा राहिला. मग त्याचीही वेळ झाली, तोही राहायला गेला. दोघं तिथं सुखात आहेत.

काय गं रूथ? आजोबा? हो, तेही तिथंच. मला न्यायला ना? मला अजून कुणी आलं नाही. येईल. तू सरक बघू जरा, माझं पांघरूण ओढलंस सगळं. मिट आता डोळे.