बर्फाची चव

"बाबा, सोपानला परत कधी धाडताय?"

वामननं विचारलं, तसा अच्युतबाबांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"का रे? काय केलं त्यानं?"

"मीठ दुप्पट टाकलं."

हिमालयातला तो आश्रम एवढासा. हिवाळ्यात तर बाबा आणि हे दोन शिष्य, एवढेच उरत. बाबा पूर्वाश्रमी साताऱ्याकडं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. संन्यास घेतला, घरदार सुटलं, शिकवायची खोड मात्र सुटली नाही.

काल संध्याकाळी त्यांनी दोघांना कामं वाटून दिली होती. सोपाननं लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम मीठ विरघळवायचं. ते पाणी किती अंशांवर गोठू लागेल, ते वामननं गणितानं काढायचं. मग पातेलं रात्रभर बाहेर ओट्यावर.

वामनचं उत्तर आलं उणे एक पूर्णांक नऊ. सकाळी पातेलं अर्धं गोठलेलं होतं. बर्फाला भोक पाडून त्यानं खालच्या पाण्यात थर्मामीटर बुडवला, तर पारा उणे तीन पूर्णांक आठवर!

"गणित तीनदा तपासलं," वामन म्हणाला. "पाण्यात मिठाच्या एकाचे दोन कण होतात, तेही धरलंय. माझी चूक नाही."

"मीठ मोजताना तू जवळ होतास?"

"नव्हतो. पण आकडाच बोलतोय ना, मीठ दुप्पट तर उणेही दुप्पट."

"सोपान काय म्हणतो?"

"म्हणतो, तीसच ग्रॅम टाकलं. चोर कधी कबूल करतो का?"



खरं सांगायचं तर वामनचं दुखणं मिठाचं नव्हतंच. नऊ वर्षं तो बाबांजवळ होता. सोपानला येऊन चार महिनेसुद्धा झाले नव्हते, आणि बाबा त्याला शेजारी बसवून पोथी वाचून घेऊ लागले होते. गेल्या आठवड्यात तर त्यांनी स्वतःची घोंगडी काढून त्याला दिली.  आता तक्रार मात्र मिठाची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

"एक तर तो राहील, नाही तर मी," वामन म्हणाला.

"बरं..."

बाबा उठून ओट्यावर गेले. चिमट्यानं बर्फाचा एक तुकडा तोडला, वर चिकटलेलं पाणी जावं म्हणून गडूतल्या स्वच्छ पाण्यात विसळला आणि वामनपुढं धरला.

"खा."

वामननं तुकडा तोंडात टाकला.

"खारट आहे?"

तो चघळत राहिला. "...नाही. अळणीच लागतोय."

"आता खालचं पाणी चाख."

वामननं बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"काल मीठ सगळ्या पाण्यात होतं," बाबा म्हणाले. "बर्फातलं कुठं गेलं?"

वामन पातेल्याकडं पाहू लागला. माणूस गणितातला, त्याला कळायला वेळ लागला नाही. कळलं तसा तो कानापर्यंत लाल झाला. अर्धं पाणी गोठलं होतं, आणि गोठता गोठता त्यानं आपल्यातलं मीठ बाहेर ढकललं होतं. सगळं मीठ उरलेल्या अर्ध्या पाण्यात आलं, म्हणून आकडा दुप्पट. सोपाननं टाकलं होतं ते तीसच ग्रॅम.

"चुकलो, बाबा. त्याची माफी मागतो."

"माग."

वामन तरीही हलला नाही. त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"बाबा... घोंगडी त्याला का दिलीत?"

"त्याच्याकडं नव्हती."

"आणि मी? नऊ वर्षं..."



बाबांनी पातेल्यातल्या बर्फावर उघडा तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. बोटं लाल झाली, तरी उचलला नाही.

"ते राहू दे, वामन. तू कधीपासून गोठायला लागलास, तेवढं सांग."