पाण्याची पाळी

"आणि आसरा मागणारा खुनी असेल तर, बाबा?"

केसरच्या हातात भरलेला लोटा होता. तो तिने अजून कलता केला नव्हता.

हैबतशहा फकीर गोधडीला टाके घालत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तर त्याचेही पाय मळलेलेच असणार."

घाटमाथ्यावरचा तो तकिया, फकिरांचं ठाणं, दोन राज्यांच्या मधोमध होता. भोवती चुना फासलेल्या दगडांची रांग. पळून आलेला माणूस दगडांशी पोचला, की तकियातल्या कोणीतरी त्याच्या पायांवर पाणी घालायचं. पाणी पडलं, की तो तकियातला झाला; मग कुठल्याही राजाने त्याला हात लावायचा नाही. दगड ओलांडून बाहेर गेला, तर पुन्हा पाणी पडेपर्यंत तो परका. पाणी नाकारलं, तर मागावरच्या शिपायांनी त्याला न्यायचं. तोवर सगळ्यांनी थांबायचं. दोन्ही दरबारांचे या करारावर शिक्के होते.

या आठवड्याची पाळी केसरची होती.

दगडांपलीकडे खालच्या राज्याचा कोतवाल उभा होता. अनवाणी, धापा टाकत. कालपर्यंत तो माणसं धरायचा. नवा राजा गादीवर आला आणि त्याचंच मुंडकं मागू लागला.

"बाबा, हाच तो! माझा भाऊ इथवर धावत आला होता. दहा पावलं राहिली होती. यानेच धरला. यानेच फासावर..."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे आणि गोधडी शिवताय? तुम्हा म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक असतं, करायचं मात्र काही नसतं!"

कोतवालाच्या मागावर आलेला जमादार खो खो हसला.

"पोरगी खमकी आहे, बाबा. ए बाई, उरक लवकर. 'नाही' म्हण, म्हणजे आम्ही ऊन चढायच्या आत घाट उतरतो."

केसर कोतवालाकडे वळली.

"काही बोलायचंय?"

"तुझा भाऊ..." तो अडखळला. "नाव आठवत नाही, बाई."

"सोनजी."

कोतवालाने मान खाली घातली.

"मी नाही घालणार," केसर म्हणाली. "तुम्हीच घाला, बाबा."

"पाळी तुझी आहे."

"मग माझं उत्तर ऐका..."

हैबतशहांनी सुई गोधडीत खोचली. उठले. सावकाश चालत दगडांपर्यंत गेले, दगड ओलांडले आणि कोतवालाच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

जमादाराचं हसू मावळलं.

"हे काय, बाबा?" केसरने विचारलं.

"चाळीस वर्षांपूर्वी मी इथेच उभा होतो. वरच्या राज्याचे घोडेस्वार मागे होते."

"काय केलं होतंत तुम्ही?"

"तिघांना मारलं होतं. त्यातलं एक लेकरू होतं."

केसर अकरा वर्षं त्या माणसाच्या हातचं जेवली होती. त्यांनीच तिला लिहायला शिकवलं होतं. तापात तिच्या उशाशी तेच बसले होते.

ती पुढे झाली. दगडांशी वाकली. तिने लोटा फकिराच्या पायांवर धरला.

हैबतशहांनी पाय मागे घेतले.

"आधी याला, पोरी. मला न्यायला कोणी आलेलं नाही."