कोरडं फडकं

"पण मी खोटं काय बोललो, अप्पाजी?"

अप्पाजींनी डोळे मिटून घेतले. मठाच्या ओसरीवर येऊन बसल्यापासून शिवलिंग मगदूम हेच विचारत होता. मागच्या सोमवारीही हेच. त्याच्या मागच्या सोमवारीही.

"परत सांग. काय बोललास?"

"गिरिजा नवऱ्याचं घर सोडून आली. बॅग घेऊन दारात उभी. मी म्हणालो, हे स्थळ नको म्हणून सांगत होतो, ऐकलंस? नोकरी सोडू नको म्हणालो, ऐकलंस? एक शब्द खोटा नाही."

"मग?"

"मग काय… पोरगी उंबऱ्यातूनच परत गेली. आता फोनही उचलत नाही."

"कशाला बोललास?"

"बाप आहे मी! चूक दिसली तर दाखवायची नाही?"

"दाखवलीस ना?"

"दाखवली. पण तिला ते…"

"मग आता गप्प बस."

"गप्प कसा बसू? मी खोटं काय बोललो?"

अप्पाजी वैतागून उठले. काठीही न घेता पायऱ्या उतरले. चिंचेखाली शिवलिंगची नवी गाडी उभी होती. घाट उतरून आल्यामुळे तिच्या चकचकीत अलॉय चाकांवर ब्रेकची काळी पूड बसली होती. अप्पाजींनी खांद्यावरचं फडकं काढलं, खाली वाकले आणि चाकावर टेकवलं.

शिवलिंग धावत आला. त्यानं गुरूंचा हातच धरला. इतक्या वर्षांत तो त्यांच्या पायांखेरीज कशाला शिवला नव्हता.

"अहो, काय करताय! ओरखडे पडतील!"

"घाण आहे. पुसतोय."

"अशी कोरडी नाही पुसायची. लोखंडाची पूड आहे ती. घासली की तीच ओरखडे काढते."

"मग घाण दिसत असताना नुसतं बघत बसू?"

"आधी चाक निवू द्यायचं. मग नुसतं पाणी सोडायचं, वरून, भरपूर. सुटायचं ते आपसूक सुटतं. हात लावायचा नाही."

"आणि राहील ते?"

"त्याला साबणाचं पाणी, मऊ ब्रश. चाकांची बादलीसुद्धा वेगळी ठेवतो मी. हलक्या हातानं करायचं, ब्रश सारखा धुऊन घ्यायचा." बोलता बोलता त्याचा आवाज मऊ झाला. "घाई केली की संपलं. एकदा पडलेला ओरखडा जात नाही, अप्पाजी."

"चिडत नाहीस चाकावर?"

"चाकावर?" शिवलिंगला हसू आलं. "त्याचा काय दोष? एवढ्या रस्त्यानं आलंय. मळणारच की…"

तो थांबला.

अप्पाजींनी फडकं परत खांद्यावर टाकलं. चिंचेची बारीक पानं गाडीच्या टपावर पडत राहिली.

शिवलिंग चाकासमोर उकिडवा बसला. मग शर्टाच्या बाहीनं त्यानं तोंड पुसलं.

"अप्पाजी… ती ऐकेल माझं?"

अप्पाजींनी कपाळावर हात मारला.

"अजून तिनंच ऐकायचं?"

शिवलिंगनं मान खाली घातली.

"कुठं आहे ती?"

"इचलकरंजीत. मैत्रिणीकडे."

"घर माहीत आहे?"

"आहे."

"मग इथं माझं डोकं कशाला खातोस?"