उगाच वाजलेली घंटा

जपानमधल्या एका जुन्या व्यापारी गावाची ही गोष्ट. गाव नदीकाठी वसलेलं. एकच लांबलचक पेठ, दोन्ही बाजूंना काळ्या कौलांची दुकानं, दुकानांमागे हातभर जाड मातीच्या भिंतींची गोदामं, आणि पेठेच्या बरोबर मधोमध एक लाकडी मनोरा. मनोऱ्यावर भलीमोठी घंटा. ती आपल्या देवळातल्यासारखी हात उंचावून वाजवायची नाही बरं का! तिच्याशेजारी एक आडवा ओंडका टांगलेला. दोरीनं तो मागे ओढायचा आणि सोडून द्यायचा. असा घुमारा उठायचा, की नदीपलीकडच्या शेतातला माणूससुद्धा मान वर करून बघायचा.

ही घंटा वाजवायची ओसेन नावाची बाई. आधी तिचा नवरा वाजवायचा. तो गेल्यावर गावानं ते काम तिला दिलं. मनोऱ्याच्या तळाशी एक खोली होती, तिथेच तिचं बिऱ्हाड. दिवसातून चारदा वेळेचे टोल द्यायचे आणि उरलेला वेळ डोळ्यांत तेल घालून गावावर नजर ठेवायची. कारण त्या गावाला एकच भीती होती, आगीची. घरं लाकडाची, सरकती दारं कागदाची, आणि नदीवरून सुटलेला वारा. एक ठिणगी पुरे होती.

म्हणून गावात एक रीत होती. घंटा घाईघाईनं वाजायला लागली, की आग लागली असं समजायचं. सगळ्यांनी बादल्या घेऊन नदीकडे धावायचं आणि व्यापाऱ्यांनी गोदामांची जाड दारं लावून फटी ओल्या मातीनं लिंपायच्या. फट बुजली की आग आत शिरत नाही. त्यासाठी प्रत्येक दुकानाच्या दारात भिजवलेल्या मातीचं एक पिंप कायम भरलेलं असायचं.

वसंतातल्या एका दुपारी ओसेनला गावाच्या टोकाला काळा धूर दिसला. तिनं एक क्षणही घालवला नाही. घणघण, घणघण! अहो, पेठेत जी धांदल उडाली म्हणता! गिऱ्हाइकं पळाली, दारं धडाधड लागली, माती थापली गेली, बादल्यांची रांग नदीपर्यंत पोचली. आणि कळलं काय? तांदळाच्या पापड्या भाजणाऱ्याचा एक घाणा करपला होता, एवढंच.

बाकीचे लोक कुरकुरत माती खरवडायला लागले. पण जिंबेई शेठचा पारा चढला. हे शेठ मिसोचे मोठे व्यापारी आणि पेठेचे पुढारी. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा. तिकडे रोजच्या सारात तो लागतोच. आता झालं होतं असं, की शेठनी आपल्या पिंपातली माती बागेची भिंत सारवायला वापरून टाकली होती. घंटा वाजली तेव्हा पिंप रिकामं! घाबरून त्यांनी हाताला लागलं ते पिंप उघडलं आणि तीन वर्षं मुरवलेला, सगळ्यात उंची मिसो गोदामाच्या दाराला लिंपला. आग नाही म्हटल्यावर पेठेतली यच्चयावत कुत्री येऊन ते दार चाटायला लागली. लोक तोंडावर हात धरून हसत होते. शेठना मिसो गेल्यापेक्षा ते हसणं जास्त झोंबलं.

चूक स्वतःची, पण राग काढला कुणावर? अर्थात ओसेनवर. मनोऱ्याखाली उभं राहून शेठ गरजले, "ए बाई, डोळे आहेत का खाचा? पापड्या करपल्या तरी गाव डोक्यावर घेतेस! यापुढे पक्की खात्री झाल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही. पुन्हा उगाच वाजवलीस, तर त्याच दिवशी खोली रिकामी करायची."

"पण शेठ," ओसेन म्हणाली, "लांबून धुराची खात्री कशी व्हायची?"

"ते तू बघ. तुझं कामच आहे ते."

नखांत माती अडकलेल्या बाकीच्या व्यापाऱ्यांनीही माना डोलावल्या. ओसेनला दुसरं घर नव्हतं, दुसरं कुणी नव्हतं. ती मुकाट्यानं वर गेली.

उन्हाळा गेला. पानगळ सुरू झाली. एका सकाळी पिंपं बनवणाऱ्या सुताराच्या गल्लीतून धुराची एक रेघ वर आली. ओसेनचा हात दोरीवर गेला आणि तिथेच थांबला. सुतार लाकडाचा भुसा जाळत असेल तर? शेकोटी असेल तर? आज वाजवली आणि उगाच ठरली, तर संध्याकाळी डोक्यावर छप्पर नाही. होऊ दे खात्री, होऊ दे. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. धूर जाड झाला, कलला, आणि त्यातून लाल जीभ बाहेर आली. तेव्हा कुठे तिनं दोरी ओढली.

उशीर झाला होता. सुताराचं घर आणि कारखाना, दोन्ही जळून गेली. म्हाताऱ्या आईला त्यानं कसंबसं बाहेर काढलं, पण तिचे दोन्ही हात भाजले. वारा पडला म्हणून बाकीची पेठ वाचली, नाहीतर काही खरं नव्हतं.

सगळं गाव मनोऱ्याखाली जमलं. जिंबेई शेठ पुन्हा सगळ्यांच्या पुढे! "गल्लीतल्या पोरांना धूर दिसला आणि तुला दिसला नाही? झोपली होतीस काय?"

"दिसला होता," ओसेन म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज खणखणीत होता. "सगळ्यांच्या आधी दिसला होता. तुम्ही म्हणालात खात्री कर. मी खात्री होईपर्यंत थांबले. शेठ, आगीची खात्री होते ना, तेव्हा घर पेटलेलं असतं."

मग सुतार पुढे आला. त्याचं तोंड काजळीनं काळं झालं होतं. तो म्हणाला, "ओसेनताई, यापुढे माझ्या घरात नुसती चूल पेटली तरी वाजवा. मी दहा वेळा माती खरवडीन."

जिंबेई शेठ आतून हलले होते, पण हार मानतील तर ते शेठ कसले! "धूर ओळखायला काय मोठी अक्कल लागते?" ते म्हणाले. "उद्या मी बसतो वर. कसं करायचं ते दाखवतोच."

दुसऱ्या दिवशी शेठ धापा टाकत मनोऱ्यावर चढले. जन्म त्या गावात गेला, पण मनोऱ्यावर ते कधी आलेच नव्हते. वरून गाव बघितलं आणि ते बघतच राहिले. केवढे ते धूर! न्हाणीघराचा, रताळी भाजणाऱ्याचा, कौलांच्या भट्टीचा, रंगाऱ्याच्या कढईचा, शिवाय घराघरातल्या चुलींचे वेगळेच. काही पांढरे, काही करडे, आणि वाऱ्यानं सगळे एकमेकांत मिसळलेले. ओसेन शेजारी बसून मोजा शिवत होती.

दुपारी देवळाच्या मागून एक नवा धूर उठला. जाड, मळकट, सरळ रंगाऱ्याच्या आळीकडे झुकणारा. शेठ ताडकन उभे राहिले.

"ओसेन, हा कसला?"

ती उठून कठड्याशी आली, डोळे बारीक करून बघितलं. "नाही सांगता येत, शेठ. तुम्हाला दिसतंय तेवढंच मला दिसतंय. मला रोज एवढंच दिसतं."

शेठनी दोरी धरली. वाजवावी आणि काहीच नसलं तर? सगळी पेठ पुन्हा हसेल, आणि या वेळी नियम त्यांचाच! न वाजवावी आणि असलं तर? त्यांना त्या म्हातारीचे फडकी गुंडाळलेले हात आठवले. "हसू देत लेकाचे!" असं ओरडून त्यांनी सगळा जोर लावून ओंडका ओढला. घणघण, घणघण!

आणि वरून त्यांना जे दिसलं, ते त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. तराजू टाकून, जेवण टाकून, पोराला पाठीशी बांधून माणसं धावत होती. ज्यांचं आपसात पटत नव्हतं तेही एकमेकांच्या हातात बादल्या देत होते. बघता बघता देवळापर्यंत रांग पोचलीसुद्धा.

थोड्या वेळानं रांग थांबली. माणसं हळूहळू मागे फिरली. देवळातला भिक्षू ओला पाचोळा जाळत होता, बस्स.

शेठ मटकन खाली बसले. चेहरा पार उतरला. "मी नाही खाली येत," ते पुटपुटले. "कुठल्या तोंडानं जाऊ?"

ओसेन हसली नाही. "पहिल्या वेळी मलाही असंच झालं होतं," ती म्हणाली. "पाय उचलत नाहीत. चला, मी येते बरोबर."

दोघं उतरले. खाली मातीनं बरबटलेल्या हातांची सगळी पेठ उभी. टोफू विकणारा मिश्कीलपणे म्हणाला, "काय शेठ, मग खोली आज रिकामी करता का उद्या?" हशा पिकला. शेठचे कान लाल झाले. त्यांनी एकवार मान वर करून पेठेकडे बघितलं. सगळी कौलं जागच्या जागी होती. मग ते वळले, ओसेनसमोर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी डोकं जमिनीला लावलं.

"ओसेनबाई, मला माफ करा," ते म्हणाले. "तुम्ही चुकलात म्हणून मी तुम्हाला धमकावलं. त्या धमकीनं तुमचा हात अडवला आणि सुताराचं घर गेलं. ते मी जाळलं." मग उठून ते सगळ्यांना म्हणाले, "आणि तुम्ही रे, बघत काय राहिलात? घंटा वाजली आणि कुणाचंच काही जळलं नाही! यापेक्षा चांगला दिवस कोणता? आज माझ्याकडून सगळ्यांचं तोंड गोड. आणि सुताराचं घर आपण सगळे मिळून उभं करायचं."

त्यांनी तांदळाच्या पिठाचे गोड लाडू मागवले, आणि ते येईपर्यंत स्वतः बाह्या सावरून शेजाऱ्याच्या दारावरची माती खरवडायला बसले. त्या दिवसापासून गावात नवी रीत पडली. घंटा उगाच वाजली, की घंटेवालीला कुणी वाकडा शब्द बोलायचा नाही. त्या दिवशी पेठेत गोड करायचं.

ओसेन त्यानंतर अकरा वेळा चुकली. गावानं अकरा वेळा गोड खाल्लं. बाराव्या वेळी तेलवाल्याच्या दुकानातून धुराचा एवढासा धागा वर आला, आणि तिचा हात थांबला नाही. लोक पोचले तेव्हा नुसती एक चौकट धुमसत होती. चार बादल्यांत आग विझली.

तात्पर्य इतकंच: जो आपल्याला वेळेवर सावध करतो, तो कधीकधी चुकणारच. त्या चुकीची शिक्षा त्याला दिली, तर नेमक्या वेळी तो गप्प बसेल, आणि त्या गप्प बसण्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागेल.