टिकलीचं घर आणि होडीचा नांगर

एवढुशी मासोळी. नाव तिचं टिकली. मालवणच्या समुद्रात, पोवळ्याच्या फांद्यांत तिचं घर.

एक दिवस वरून नांगर आला. शेतातला नव्हे हं! होडी थांबवायचा, लोखंडी. धप्प! कडाकड! पोवळं मोडलं. शेजारी पळाले. इकडे पाणी, तिकडे पाणी, मध्ये टिकली एकटी. फार फार रडू आलं तिला.

टिकली गेली, सुळुक सुळुक, नांगराकडे.

"नांगरदादा, नांगरदादा, वर राहा. नांगर वर राहिला, तर माझं घर होईल."

नांगर म्हणाला, "जा, मी नाही! दोरानं धरलं, तर मी राहीन."

टिकली एकटीच निघाली. सुळुक सुळुक, दोराकडे.

"दोरभाऊ, दोरभाऊ, नांगराला धर. दोरानं धरलं, तर नांगर राहील. नांगर वर राहिला, तर माझं घर होईल."

दोर म्हणाला, "जा, मी नाही! काकांनी बांधलं, तर मी धरीन."

काका कोण? बाबलकाका. होडी त्यांचीच. टिकली एकटीच निघाली. सुळुक सुळुक, वर वर वर.

"बाबलकाका, बाबलकाका, होडी बोयाला बांधा. तो बघा, लाल गोळा तरंगतोय! काकांनी बांधलं, तर दोर धरेल. दोरानं धरलं, तर नांगर राहील. नांगर वर राहिला, तर माझं घर होईल."

काका म्हणाले, "बोया लांब गो बाय! पाहुण्यांना पोहायला लागेल. ते कुरकुरतात. पाहुण्यांनी सांगितलं, तर मी बांधीन."

पाण्यात होत्या पाहुण्या विमलमावशी. डोळ्यांवर मोठ्ठा चष्मा, तोंडात नळी. टिकली एकटीच गेली. सुळुक सुळुक.

"विमलमावशी, विमलमावशी, काकांना सांगा. मावशींनी सांगितलं, तर काका बांधतील. काकांनी बांधलं, तर दोर धरेल. दोरानं धरलं, तर नांगर राहील. नांगर वर राहिला, तर माझं घर होईल."

"गुळुगुळुगुळु!" मावशी म्हणाल्या. नळी होती ना तोंडात! काढली नळी.

"अगं बाई! मी आले मासे बघायला, आणि माझ्याच होडीनं तुझं घर मोडलं? ओ बाबलभाऊ! बोयाला बांधा. धाप लागली तरी चालेल, मी येते पोहत!"

मावशींनी सांगितलं, काकांनी बांधलं. काकांनी बांधलं, दोरानं धरलं. दोरानं धरलं, नांगर वर राहिला.

मग काकांनी बुडी मारली. बुडुक! पोवळ्याचे तुकडे वेचले, तळाशी जाळी ठेवून तिला घट्ट बांधले, पुन्हा वाढावेत म्हणून. रोज नवे पाहुणे आले, बोयापासून पोहत आले. कुणी तुकडा दिला, कुणी दोरी दिली.

पण पोवळं वाढतं हळू. फार हळू. टिकली जाळीपाशी एकटीच फिरायची. एक पावसाळा गेला. दुसरा गेला.

मग एक फांदी आली. बोटाएवढी. टिकली आत शिरली. घर झालं! पण घरात बोलायला कोणीच नाही.

तेवढ्यात बाहेर आवाज. सुळुक सुळुक. एवढुसा निळा मासा!

"आत येऊ?"

"विचारतोस काय? ये ना!" टिकली म्हणाली, आणि सरकून तिनं जागा केली.