गीझेला नावाची चौथी मुलगी

एका राज्यात, जिथे वर्षाचे सात महिने बर्फच बर्फ असे, एक रीत होती. शेजारच्या राजाशी तह झाला की आपली एक लेक त्याच्याकडे ओलीस ठेवायची. तह मोडला तर तिचं मस्तक उडे. तह करायचे राजांनी आणि मान द्यायची पोरींनी, असा तो न्याय! तिचं जन्मनाव त्या राजाचा मांत्रिक लोखंडी पेटीत कोंडून ठेवी आणि तिला गीझेला म्हणे. त्यांच्या भाषेत गीझेला म्हणजे ओलीस ठेवलेली. पेटी मिटली की ते नाव माहेरीही कुणाला आठवत नसे, आणि नावावाचून बोलावणं धाडणार कुणाला?

राणी आडेलहाइडची लेक सहा वर्षांची असताना ओलीस गेली. त्याला बारा वर्षं झाली. राणीला तिच्या पडलेल्या दुधाच्या दाताची फट आठवे, तापातलं कण्हणं आठवे. नाव तेवढं आठवेना. हाक मारायला तोंड उघडावं आणि जीव नुसता कासावीस व्हावा.

एके सकाळी डोमकावळा खिडकीत बसून म्हणाला, "राणीसाहेब, पेटीला तीन कुलपं आहेत. किल्ल्या आधीच्या तीन गीझेलांपाशी. जाल?"

"निघाले," राणी म्हणाली.

पहिली गीझेला नदीवर नाव वल्हवीत होती. केस पांढरे झालेले. ती म्हणाली, "माझी आई आली नाही. माझी वेणी घाला." राणीने घातली. दुसरी मठात सूत कातीत होती. म्हणाली, "मला कुणी हक्काने रागावलं नाही. रागवा."

"अगं, थंडीत अनवाणी बसतेस? अक्कल गहाण ठेवलीस का?" राणी कडाडली, आणि ती साठीची बाई हसता हसता रडली.

तिसरी थडग्यात होती. तिच्या वेळी तह मोडला होता. थडगं बोललं, "माझ्यासाठी कुणी रडलं नाही." रडायला राणीला शिकवावं लागलं नाही.

तीन किल्ल्या घेऊन राणी मांत्रिकाच्या गडावर पोचली. तिची लेक तिथेच ओलीस होती. मांत्रिकाने अडवलं नाही. तिन्ही किल्ल्या आणील त्याला पेटी उघडू द्यायची, हा नियम त्याचाच होता. पेटी उघडली आणि नाव बाहेर आलं. लिउटगार्ड! अंगणातल्या विहिरीवर एक तरुणी पाणी शेंदत होती. राणीने हाक मारली, "लिउटगार्ड!"

तिने वळूनही पाहिलं नाही. बारा वर्षांत ते नाव तिच्या कानी पडलंच नव्हतं.

आता लेक ओळखत होती ते नाव एकच, गीझेला. ज्या नावाने लेक हिरावून नेली, ते तोंडी आणायचं तरी कसं? तिने डोळे मिटले आणि झोपलेल्या लेकीला उठवावं तशी हाक मारली, "गीझेला, बाळा!"

आजवर ते नाव शिपायांनी पुकारलं होतं, आईने कधीच नाही. त्या हाकेसरशी पेटीचा चुरा झाला, मांत्रिकाचे मंत्र आटले आणि तहनाम्यांतलं ओलिसांचं कलम पुसून गेलं. पुढे त्या मुलखात कुणी लेक ओलीस दिली नाही. उलट लोक बारशाला हौसेने गीझेला नाव ठेवू लागले.

ते पुढचं. त्या घटकेला मात्र पोहरा हातातून सुटून विहिरीत गेला, आणि अठरा वर्षांची मुलगी राणीकडे बघत म्हणाली, "आई, इतका उशीर?"