दोघांनी खाली सही करावी

कुसुंबगडचे उदाजीराजे हट्टी म्हणजे महाहट्टी! एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं, की राज्यात पूल, घाट, तलाव बांधणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा घ्यायची. नुसता हात चालून भागणार नाही, नियम आणि नीतीही तोंडपाठ हवी! महाराजांनी स्वतः बसून तीनशे एक कलमांची पोथी लिहिली. पास होईल त्याला बांधकामाची सनद. नापास होईल त्याची हत्यारं सरकारजमा!

वर्षभरात सतरा कारागीर परीक्षेला बसले आणि सतराही नापास झाले. घोडं अडायचं ते शेवटच्या प्रश्नावर. महाराज प्रत्येकाला ओढ्यावरच्या नव्या पुलाशी नेत. हा पूल महाराजांनी स्वतः आखलेला, त्यामुळे अर्थातच मधोमध तडकलेला!

"हा पूल पक्का आहे, अशा दाखल्यावर सही कर. माझी आज्ञा आहे!"

सही केली, तर दुसरं कलम मोडलं: कच्च्या कामाच्या दाखल्यावर सही करू नये. नाही केली, तर पहिलं मोडलं: राजाची आज्ञा मोडू नये. इकडे आड, तिकडे विहीर!

सतरावा होता सटवाजी पाथरवट. "मान कापा, पण सही होणार नाही," असं म्हणाला आणि चाळीस वर्षं वापरलेला हातोडा तिथेच ठेवून रिकाम्या हातांनी घरी आला. आता घरात उरली फक्त त्याच्या लेकीची, येसूची हत्यारं. पण सनदेशिवाय ती घेऊन काम तरी कुठे करणार?

"आबा, मी बसते परीक्षेला."

"अगं पोरी, मी बुडालो ते बुडालो. तू कशापायी उडी घेतेस?"

"तुम्ही पोथी दुसऱ्याकडून ऐकलीत. मी स्वतः वाचणार!"

शिलालेख कोरता कोरता येसू अक्षरं शिकली होती. दगडावरचं चुकलेलं अक्षर खोडता येत नाही, म्हणून प्रत्येक शब्द चारदा जोखायची तिला सवय होती.

महिनाभर घरात दुसरा विषय नाही. भाकरी थापताना कलमं, शेळीची धार काढताना कलमं. शेळीलाही पन्नासेक पाठ झाली असावीत.

"कलम अठ्ठ्याऐंशी?" सटवाजी विचारी.

"दाखला देताना पुलावरून हत्ती चालवावा."

"दोनशे बारा?"

"आज्ञा देणारा आणि तपासणारा, दोघांनी खाली सही करावी. आज्ञा देणाऱ्याने आधी." येसू थबकली. "आबा, खाली म्हणजे कुठे?"

"कागदाच्या खाली! आणखी कुठे?"

"पोथीत कागद कुठे लिहिलाय?"

"असल्या शंका काढशील तर हमखास नापास होशील!" सटवाजी वैतागला. येसू मात्र गालातल्या गालात हसली.

परीक्षेच्या दिवशी निम्मं गाव ओढ्यावर लोटलं. येसूने सगळी कलमं धडाधड म्हणून दाखवली. मग पुलाची पाळी आली. तिने कठड्याला ओळंबा लावला. दोरी सरळ, पूल वाकडा!

"महाराज, ओळंबा काही आपल्या बाजूने साक्ष देत नाही."

"ओळंब्याला विचारलंय कोणी? सही कर! आज्ञा आहे!"

"आज्ञा शिरसावंद्य! करते सही."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. सटवाजीने तर डोळेच मिटून घेतले. आपली पोर खोट्या दाखल्यावर सही करणार, हे त्याला बघवेना. प्रधान हरिपंतांनी लेखणी पुढे केली. येसूने ती घेतली, पदर खोचला आणि तडक ओढ्यात उतरून पुलाखाली जाऊन उभी राहिली.

"ए पोरी! कागद इथे वर आहे!"

"मग आणा की खाली, महाराज! कलम दोनशे बारा, दोघांनी खाली सही करावी. दाखला पुलाचा, तेव्हा खाली म्हणजे पुलाखाली! आणि हरिपंत, कलम अठ्ठ्याऐंशी. हत्ती मागवा!"

"मला तसं म्हणायचं नव्हतं!"

"पोथीत तर तसंच आहे. आणि अक्षर आपलंच आहे, महाराज! या, आज्ञा देणाऱ्याची सही आधी!"

एवढ्या लोकांदेखत महाराज माघार कसे घेणार? कागद घेऊन तरातरा उतरले, कमानीखाली येऊन उभे राहिले. तोवर हत्ती आला आणि त्याने वर पुलावर एक पाय टाकला.

कर्रर्र! चुन्याचं ढेकूळ सुटून थेट महाराजांच्या पागोट्यावर! हत्तीने सोंडेने पूल चाचपला आणि पाय मागे घेतला. माहुताने किती चुचकारलं, पण तो हलेना. पोथी न वाचताही त्याचा विषय पक्का होता!

"घ्या लेखणी, महाराज," येसू म्हणाली. "कागद भिंतीवर टेकवून सही करा. फक्त जरा हळू टेकवा हं!"

"हत्ती न्या! न्या तो हत्ती!" महाराज ओरडले. "नको तो दाखला, नको ती सही! मी आज्ञा मागे घेतो!"

महाराज धडपडत वर चढले. मागोमाग येसू शांतपणे वर आली आणि लेखणी हरिपंतांना परत दिली.

"झाली माझी परीक्षा, महाराज! आज्ञाच उरली नाही, तर मी मोडणार काय? सही केली नाही, म्हणजे दुसरं कलमही शाबूत. तीनशे एक कलमांत काही मोडायला आलं असेल, तर तो एकटा पूल!"

त्यावर महाराज असे खदाखदा हसले, की पागोट्यावरचा उरलासुरला चुनाही खाली आला.

"हरिपंत, सतरा जणांना मी नापास केलं, पण आज या पोरीने मलाच नापास केलं! सगळ्यांची हत्यारं परत करा. ज्यांनी सही नाकारली, त्या सगळ्यांना आजच सनद द्या. आणि हा पूल उतरवून येसू नवा बांधेल!"

सटवाजीला हातोडा मिळाला. त्याने तो उराशी धरला आणि सगळ्यांसमोर रडला.

येसूची सनद आली. महाराजांनी लेखणी शाईत बुडवली, पण हात मध्येच थांबला.

"काय गं, सही कुठे करू?"

"खाली, महाराज."

महाराजांनी दचकून वर पाहिलं.

"कागदाच्या!" येसू म्हणाली.